नाथाची गाडी कशानं तापायची

घोडबंदरला किल्ल्याच्या पायथ्याशी, खाडीकडे उतरणाऱ्या वाटेला नाथाचं घर. पुढे अंगण, अंगणात चिंच, आणि चिंचेखाली एक जुनी काळी विलायती गाडी. गाडी मूळची मिठागराच्या मालकाची, नाथा तिच्यावर ड्रायव्हर. मालक म्हातारपणी मुलाकडे मुंबईला राहायला गेला, तेव्हा गाडी नाथाच्या हवाली करून गेला. तेव्हापासून, म्हणजे साधारण चौसष्ट सालापासून, घोडबंदर-वरसाव्याच्या बाजूला कुणाला सर्पदंश झाला, कुणाची सून अडली, की माणूस धावत नाथाच्या अंगणात यायचा. ठाण्याच्या इस्पितळापर्यंत न्यायला दुसरं काही वेळेवर मिळत नसे. एस.टी. होती, पण कळा काही एस.टी.चं वेळापत्रक बघून येत नाहीत.

नाथा अंगानं काटक, उंचीला बेताचा आणि बोलायला कंजूष. गाडीत बसलेल्याने वाटभर प्रश्न विचारले तर ठाणं येईपर्यंत एखाद्याचं उत्तर मिळे. सकाळी आंघोळ करून, कपाळाला गंध लावून तो आधी घरच्या देवांना नमस्कार करी, मग गाडीतल्या देवीच्या तसबिरीला. मग रेडिएटरचं झाकण काढून आत पाणी भरी. हे पाणी घरामागच्या विहिरीचं. विहीर खाडीच्या अंगाला, पाणी मचूळ. भांडी घासायला आणि गुरांना तेवढं चाले. पिण्याचं गोडं पाणी बायका टेकडीखालच्या झऱ्यावरून डोक्यावर आणत. डोक्यावरून आणलेलं पाणी लोखंडाला पाजायचं, हे त्या घरात कुणाच्या मनातही आलं नसतं.

गाडीत अडलेली बाई असली की नाथाची बायको रुक्मिणी बरोबर जायची. स्वतःला मूलबाळ झालं नाही, पण दुसरीच्या कळा कशा सोसवायच्या ते तिला ठाऊक होतं. मागच्या सीटवर बाईचं डोकं मांडीवर घेऊन बसायची आणि देवीचं नाव तिच्या कानात सांगत राहायची. नाथाच्या आणि तिच्या संसारात बोलणं थोडं आणि असं बरोबर जाणं फार, अशी विभागणी होती.

नाथाला एक शपथ होती, आणि ती सगळ्या गावाला माहीत होती. त्याचा धाकटा भाऊ राघो मिठागरावर कामाला होता. एकसष्ट साली, गाडी अजून मालकाकडे असताना, एकदा आवारात इंजिन चालू होतं आणि आतून पट्टा चरचरत होता. नाथा स्टिअरिंगवर बसलेला. त्यानं राघोला हाक मारली आणि वाकून बघायला सांगितलं. राघो वाकला, आणि आवाज कुठून येतोय ते दाखवायला त्यानं बोट पुढे केलं. सदऱ्याची बाही पंख्यात गेली आणि बाहीमागून हात. जखमेवर हळद दाबून तो घरीच पडून राहिला. मग धनुर्वात झाला, आणि ठाण्याला नेईपर्यंत त्याचे दात बसले होते. त्याचे दिवस झाल्यावर नाथानं गावदेवीपुढे नारळ ठेवला आणि सांगितलं, की चालत्या इंजिनात मी हात घालणार नाही आणि माझ्या डोळ्यांदेखत कुणाला घालू देणार नाही. तेव्हापासून बॉनेट उघडायचं ते किल्ली काढून खिशात टाकल्यावर. पंख्याची पाती थांबलेली स्वतः बघितल्याशिवाय तो हात पुढे करत नसे, आणि कुणी उतावळा झालाच तर त्याचं मनगट धरी.

अडुसष्टच्या सुमारास गाडी तापायला लागली. रोज तापती तर एक वेळ बरं झालं असतं. महिना महिना काही व्हायचं नाही. वऱ्हाड घेऊन भाईंदरला जाऊन यायची, पोती लादून काशीमीऱ्याला जायची, भर वैशाखात उन्हात उभी असायची, आणि उष्णता दाखवणारा काटा जागचा हलायचा नाही. मग एखाद्या दिवशी, गायमुखाचा चढ चढून गेल्यावर, काटा सरसर वर जायचा, बॉनेटच्या फटींतून वाफ यायची आणि गाडी रस्त्याच्या कडेला घ्यावी लागायची. नाथा किल्ली काढी, पाती थांबेपर्यंत उभा राही, मग झाकणावर ओलं पोतं टाकून वाट बघत बसे. गाडी निवली की पाणी घालायचं आणि पुढे निघायचं. त्यानंतर पुन्हा महिनाभर काही नाही.

एकदा अशीच थांबलेली असताना त्यानं रेडिएटरला हात लावून बघितला. वरचा भाग निखाऱ्यासारखा, आणि खालचा नुसता कोमट. हे त्यानं मनात ठेवलं, पण त्याचा अर्थ त्याला लागला नाही.

एकोणसत्तरच्या भाद्रपदात, गौरी जाऊन दोन-चार दिवस झाले असतील, रखमाबाईच्या घरून निरोप आला. रखमाबाई म्हणजे नाथाच्या वरच्या आळीतली विधवा बाई. भाताची जमीन, मिठागरात वाटा, आणि जिभेला धार. तिची सून आशा अडली होती आणि सुईणीनं हात टेकले होते. नाथानं गाडी काढली. मागे आशा, तिला धरून रुक्मिणी, पुढे रखमाबाई. गायमुखाचा चढ संपून गाडी सपाटीला लागते न लागते तोच वाफ आली. दोन्हीकडे झाडी, रस्त्यावर चिटपाखरू नाही. रुक्मिणीनं रखमाबाईच्या हातात लुगड्याचा आडोसा धरायला दिला आणि सीटवरच आशाला मोकळं केलं. मुलगा होता. गळ्याला नाळेचा वेढा होता. तो रडला नाही.

आधी पोचलो असतो तर पोर जगलं असतं का, हे कुणी सांगू शकत नव्हतं. डॉक्टरांनीही सांगितलं नाही. पण रखमाबाईनं आपल्यापुरतं ठरवलं होतं. नाथाच्या गाडीनं माझा नातू नेला, असं ती झऱ्यावर बोलली, देवळात बोलली, आणि कुणी विचारलं नाही तरी बोलली. नाथा समोरून आला तर ती मान वळवून उभी राहायची. त्यानं एकदाही उलट शब्द काढला नाही.

मग गावात दुसरीच गोष्ट निघाली. कुणीतरी हिशेब मांडला, की गाडी तापली ती नेमकी कधी? वरसाव्याची बाळंतीण नेली तेव्हा तापली. चेण्याची नेली तेव्हा तापली. आशाला नेलं तेव्हा तापली. वऱ्हाड नेताना नाही, पोती नेताना नाही. म्हणजे बाळंतिणीचा विटाळ झाला की तापते. गाडीत देवीची तसबीर आहे, देवीला तो खपत नाही. जाणत्या माणसांनी माना डोलावल्या. नाथालाही ते खोटं म्हणता येईना, कारण आठवून बघितलं तर खरंच तसंच होत होतं. त्यानं पूजा घालून गाडीची शांत केली, चाकाखाली लिंबं ठेवली, बाळंतीण न्यायची असली की तसबीर काढून देव्हाऱ्यात ठेवायला लागला. पुढच्या खेपेला चेण्याच्याच एका बाईला नेताना तसबीर घरी होती, तरी गाडी तापलीच. ती बाई सुखरूप पोचली खरी, पण त्यानंतर अडलेल्या बाईसाठी नाथाच्या अंगणात कुणी आलं नाही. लोक बैलगाडीनं भाईंदरपर्यंत जात, नाहीतर एखाद्या ट्रकवाल्याच्या पाया पडत. नाथा चिंचेखाली बसून ते बघत असे.

काशीमीऱ्याला नाक्यावर दाजी मिस्त्रीचं गॅरेज होतं. दाजी रत्नागिरीकडचा, हाताला चांगला, तोंडाला त्याहून चांगला. नाथानं गाडी त्याच्याकडे टाकली. टाकली म्हणजे काय, स्वतः तिथे ठाण मांडून बसला. दाजीनं रेडिएटर उतरवून उलट्या बाजूनं पाणी सोडून धुतला. पट्टा बदलला. पाण्याच्या पंपाचं वायसर बदललं. इंजिनातली पाण्याची झडप काढून गरम पाण्यात टाकून बघितली. ती वेळच्या वेळी उघडत होती, तरी नको ती कटकट म्हणून काढूनच टाकली. हेडचं पॅकिंगही बघितलं. मग दोघं फेरी मारायला निघाले. नाक्यापासून वरसाव्यापर्यंत पुलाच्या कामाचे ट्रक, खड्डे, धूळ. गाडी बैलाच्या चालीनं गेली आणि आली. काटा मधोमध.

"नाथाभाऊ, ही माझ्या दारात आली की एकदम शाणी होते," दाजी म्हणाला. "सासरी आलेल्या पोरीसारखी. जे काय करते ते तुमच्याकडे करते."

मग त्याचं म्हणणं असं पडलं, की इंजिन चालू ठेवून, चांगलं तापवून आत बघितलं पाहिजे. नाथानं नाही म्हटलं. दाजीनं हसण्यावारी नेलं, मग चिडला. रोग्यानं वैद्याला नाडीच बघू द्यायची नाही, मग औषध काय मागताय, असं म्हणाला. नाथा उठला, किल्ली खिशातून काढली आणि गाडी घेऊन घरी आला. दाजीला राघोची हकिगत नंतर कुणीतरी सांगितली. त्यानं पुन्हा तो विषय काढला नाही, पण गाडीही घेतली नाही.

एकाहत्तरच्या दिवाळीनंतर रुक्मिणी झऱ्यावरून आली ती हंडा उतरवायच्या आधी म्हणाली, की आशाला पुन्हा दिवस गेलेत, माघात मोकळी होईल.  हंडा उतरवून झाल्यावर रुक्मिणीनं उरलेलं सांगितलं. रखमाबाई सगळ्यांदेखत म्हणाली होती, या खेपेला वेळ आली तर सुनेला मिठाच्या ट्रकमधून नेईन, पण त्या गाडीत बसवणार नाही.

मिठाचा ट्रक म्हणजे काय ते नाथाला ठाऊक होतं. पोत्यांवर अंथरूण टाकायचं आणि प्रत्येक खड्ड्याला बाईनं दात आवळायचे. आशाची अंगकाठी किती, तेही त्यानं पाहिलं होतं. त्या रात्री जेवताना त्याचा घास हातात राहिला. ती गाडीत बसो न बसो, गाडी तिच्या दिवसांआधी बरी झाली पाहिजे, एवढंच त्यानं ठरवलं. बरी कशी करायची ते त्याला कळत नव्हतं.

मार्गशीर्षातला गुरुवार होता. रुक्मिणीची पूजा आटोपली, कहाणी वाचून झाली, आणि ती ओट्यावर येऊन नाथाजवळ बसली. ती सहसा अशी बसायची नाही. तिनं विचारलं, चेण्याच्या बाईच्या वेळी तुम्ही तसबीर काढून ठेवली होती ना? नाथानं मान हलवली. मग विटाळ कुणाला झाला, असं तिनं विचारलं. 

"देवी आई हाय," रुक्मिणी म्हणाली. "तिला बाळंतिणीचा विटाळ होत न्हाय. मी प्रत्येक खेपेला मागं बसलेय. बाई कण्हली की तुमी गाडी पळवता. मला मागं धरून बसावं लागतं. वऱ्हाडाला कंदी पळवली तशी? देवी न्हाय तापवत, तुमी तापवता."

नाथाला ते लागलं. तो उठून मागच्या दारी गेला, विहिरीच्या कठड्याला टेकून उभा राहिला. दाजीबरोबरची फेरी त्याला आठवली, बैलाच्या चालीची. पोती आठवली, वऱ्हाड आठवलं. सगळीकडे गाडी निवांत चालवलेली. आणि आशा. आशा ओरडली होती तेव्हा त्याचा पाय अ‍ॅक्सिलेटरवरून उठलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं तसबीर गाडीत जागच्या जागी लावली आणि एकटाच निघाला. गाडीत ना बाळंतीण ना कुणी. घोडबंदर सोडल्यावर त्यानं गाडी अशी हाणली की रस्त्याच्या कडेची गुरं उधळली. गायमुखाचा चढ त्याच वेगानं चढला, पुढच्या सपाटीवरही पाय काढला नाही. काटा थरथरला आणि चढायला लागला. वाफ आली. नाथानं गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. गाडी तापल्याचा आनंद झालेला तो एकच दिवस असेल, पण आनंद फार टिकला नाही. वेगानं पळवली की तापते, हे कळलं. आणि ती पळवायची वेळ येते ती कण्हणारी बाई मागे असते तेव्हाच.

पाती थांबल्यावर त्यानं बॉनेट उघडलं. पाणी होतं. पट्टा घट्ट होता. वरचा भाग निखारा, खालचा कोमट. म्हणजे पाणी फिरत नव्हतं. वरून खाली येऊन पुन्हा इंजिनात जायचं ते मध्येच कुठेतरी अडत होतं. त्यानं एकेक नळी चाचपली, खालची जाडी रबरी नळीही दाबून बघितली. सगळं जागच्या जागी. आणि तिथे उभ्या उभ्या त्याच्या लक्षात आलं, की जे काही होतंय ते इंजिन जोरात चालू असताना होतंय आणि किल्ली काढली की नाहीसं होतंय. इतकी वर्षं तो आणि दाजी थांबलेल्या गाडीत बघत होते, आणि थांबलेल्या गाडीत ते दिसणारच नव्हतं.

हे घरी येऊन त्यानं रुक्मिणीला सांगितलं, आणि सांगून झाल्यावर म्हणाला की आता काही इलाज नाही. चालत्या इंजिनात बघायला शपथ आड येते, हा अर्थ तिला कळला.  काही दिवस नाथा गावदेवीच्या देवळापर्यंत जायचा आणि बाहेरूनच परत यायचा. कौल लावावा असं त्याच्या मनात होतं, पण कौल शपथ मोडायचा आला तर राघोला काय तोंड दाखवायचं, आणि मोडू नको असा आला तर आशाचं काय, या दोन्हींची त्याला सारखीच भीती होती.

एका मंगळवारी रुक्मिणी देवीची ओटी भरून आली. ताट खाली ठेवलं, आणि म्हणाली, मी देवीला सांगून आले.  ती पुढे म्हणाली, की इंजिन बंद असताना बॉनेट उघडा, मग आत बसून गाडी चालू करा आणि पाय दाबा. मी समोर उभी राहून बघते.

नाथा नको म्हणाला. एवढा करडा तिनं त्याला कधी पाहिला नव्हता. राघोलाही नुसतं बघच म्हटलं होतं, असं तो म्हणाला.

"शपथ हाताची हाय," रुक्मिणी म्हणाली. "माझे हात मागं बांधा. तुमच्या हातानं बांधा."

 नाथा उठला आणि खुंटीवरचा आपला जुना पंचा घेऊन आला. रुक्मिणीनं पदर कमरेला दोनदा खोचला, अंबाडा घट्ट केला, गळ्यातली पोत चोळीच्या आत टाकली. त्यानं तिचे हात पाठीमागे धरून पंच्याची गाठ मारली.  मग पायाच्या टाचेनं अंगणात त्यानं एक रेघ ओढली आणि या रेघेच्या पुढे पाऊल टाकायचं नाही, असं तिला सांगितलं.

आधी थोडी फेरी मारून त्यानं गाडी तापवून आणली होती. बंद करून बॉनेट उघडलं, मग आत जाऊन बसला आणि किल्ली फिरवली. समोर उघडलेलं बॉनेट. त्यापलीकडे काहीही दिसत नव्हतं. रुक्मिणी तिथे आहे एवढं फक्त माहीत होतं. दारातून तिचे पाय तेवढे दिसावेत म्हणून तो एका अंगाला वाकला, पण तेही दिसेनात. त्यानं पाय दाबला. इंजिन गरजायला लागलं. त्याच्या ओठांवर देवीचं नाव होतं आणि कान पुढे लागले होते. कसला आवाज येण्याची तो वाट बघत होता, ते त्याला ठाऊक होतं. तो आवाज त्यानं एकदा ऐकला होता.

तिचा आवाज आला. ती ओरडून सांगत होती, की पंखा फिरतोय, पट्टा फिरतोय, वरची नळी फुगलीय. त्यानं अजून पाय दाबला. थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. त्याला वाटलं आता थांबवावं, किल्ली काढावी, हे सगळं सोडून द्यावं.

"खालची नळी," रुक्मिणी ओरडली. "खालच्या जाड्या नळीचे गाल आत गेलेत. पोर दूध ओढतंय तशी चपटी झालीय."

त्यानं किल्ली फिरवून इंजिन बंद केलं आणि धावत पुढे आला. रुक्मिणी रेघेच्या अलीकडे उभी होती, हात मागे बांधलेले, चेहऱ्यावर इंजिनाची ऊब. ती म्हणाली, आता बघा, भरली परत. नाथानं पाती थांबेपर्यंत वाट बघितली आणि नळी चाचपली. गुबगुबीत, जशी असायची तशी. त्यानं पुन्हा जाऊन गाडी चालू केली, पुन्हा पाय दाबला, आणि पुन्हा तिनं ओरडून तेच सांगितलं. मग त्यानं तिच्या हातांची गाठ सोडली. मनगटांवर वळ उठले होते. ते तो आपल्या अंगठ्यानं चोळत राहिला.

दाजी मिस्त्री निरोप मिळताच स्वतः घोडबंदरला आला. ती नळी काढली, तिरकी करून आत बोट घातलं. बोटाला तांबड्या गंजाचा चुरा आला. त्यानं समजावून सांगितलं, की पंप या नळीतून पाणी ओढतो. जोरात ओढलं की नळी चपटी होऊ नये म्हणून आत तारेचं वेटोळं असतं. तुमच्या नळीतलं वेटोळं गंजून पार विरघळलंय. रबर जुनं, तापलं की मऊ पडतं. गाडी हळू चालवली तर तग धरतं, जोरात पळवली की पंप ओढतो, नळी मिटते आणि पाणी बंद. थांबलात की पुन्हा उघडते. मग त्यानं कुठलं पाणी घालता ते विचारलं. नाथानं विहिरीकडे बघितलं. दाजी विहिरीपर्यंत गेला, ओंजळीतून पाणी तोंडात घेऊन थुंकला, आणि या खाऱ्या पाण्यानंच तार खाल्ली, एवढंच म्हणाला.

दाजीनं आत नवं वेटोळं असलेली नवी नळी बसवली. दुसऱ्या दिवसापासून रुक्मिणीनं झऱ्यावरून एक हंडा जास्तीचा आणायला सुरुवात केली. नाथानं गायमुखाच्या चढावर गाडी सकाळी हाणली, दुपारी हाणली, मागे रुक्मिणीला बसवून हाणली. काटा मधोमध राहिला.

मग तो रखमाबाईकडे गेला. ती ओटीवर भात पाखडत होती. तिनं बस म्हटलं नाही, तोही बसला नाही. गाडी का तापत होती ते त्यानं थोडक्यात सांगितलं. रखमाबाईचं सूप थांबलं.

"एवढंच होतं? मग आदी का न्हाय बघितलंस?"

"राघोची शपथ होती, काकी. चालत्या इंजिनात कुणाला बघू दिलं न्हाय मी."

रखमाबाईनं राघोला लहानपणी अंगाखांद्यावर खेळवला होता. तिनं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "शपथ तुझी, न् पोर आमचं गेलं."

नाथानं होय म्हटलं.  आशा दारात उभी होती, पोटावर हात ठेवून. तिनं सगळं ऐकलं होतं. सासूसमोर ती बोलली नाही, पण नाथा वळला तेव्हा तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि वाकून नमस्कार केला.  नाथा घरी आला.

माघात, सकाळची उन्हं नुकती अंगणात आली असताना, रखमाबाई नाथाच्या दारात येऊन उभी राहिली. मिठाचा ट्रक तिच्या मुलानं सांगून ठेवला होता, तो रस्त्यावर उभाही होता. आशा त्याच्या फळीवर पाय ठेवायला तयार नव्हती. नाथामामांच्या गाडीतून जाईन नाहीतर घरीच राहीन, एवढंच म्हणत होती. रखमाबाईनं यातलं काही सांगितलं नाही. ते सगळं मागून कळलं. तिनं नाथाला दोनच शब्द सांगितले.

"गाडी काढ."

मागे आशा आणि रुक्मिणी, पुढे रखमाबाई. बसण्याची तीच जागा, रस्ताही तोच. घोडबंदर सुटलं आणि आशा कण्हायला लागली. नाथाचा पाय आपोआप जड झाला, आणि मग थबकला. हळू गेलं तर काही होणार नाही, ही गोष्ट त्याला पक्की ठाऊक होती. जोरात गेलं तर काय होईल, ते त्यानं बघितलं होतं, पण एकट्यानं, नाहीतर रुक्मिणीला घेऊन. आशाला घेऊन बघितलं नव्हतं. मागून रुक्मिणीचा आवाज आला, शांत, की वेळ फार नाही. त्यानं देवीकडे बघितलं आणि पाय दाबला.

गायमुखाचा चढ आला. रखमाबाई काट्याकडे बघत होती. काटा कुठला ते तिला कुणी दाखवलं नव्हतं, पण नाथाची नजर जिथे जात होती तिथे तिचीही जात होती. चढ संपला. सपाटी आली. काटा किंचित वर सरकला, तिथेच थांबला, आणि पुढे पुन्हा खाली आला. रखमाबाईनं दोन्ही हातांनी धरलेली पुढची दांडी ठाण्याची घरं दिसेपर्यंत सोडली नाही.

इस्पितळाच्या आवारात नाथा गाडीच्या पायरीवर बसून राहिला. ऊन डोक्यावर आलं. रुक्मिणी आतच होती. बाहेर आली ती रखमाबाई, पदर तोंडाला लावलेला, चालणं संथ. जवळ येऊन उभी राहिली, तेव्हा नाथाही उठून उभा राहिला.

मुलगी झाली, असं तिनं सांगितलं. या खेपेलाही वेढा होता, डॉक्टरीणबाईंनी वेळेवर कापला. दोघी बऱ्या आहेत.

नाथानं हात जोडले, तिला की वर कुठे, ते त्यालाही कळलं नाही.  रखमाबाईचं बोलणं संपलेलं नव्हतं.

"माझा नातू तुझ्या गाडीनं नेला, असं मी साऱ्या गावात बोललेय," ती म्हणाली. "ते मी मागं घेणार न्हाय, नाथा. ते खरं हाय. पन ही तुझ्या गाडीनं आली. हे बी मी बोलेन. जिथं जिथं ते बोलले तिथं तिथं जाऊन बोलेन."

"बोल, काकी," नाथा म्हणाला. "दोन्ही बोल."

रखमाबाईनं मान हलवली. मग तिनं गाडीचं मागचं दार स्वतःच्या हातानं उघडलं, आत बसली आणि डोळे मिटून घेतले. नाथानं दार हळूच लावलं आणि तिच्या तोंडावर ऊन येऊ नये म्हणून खिडकीपाशी उभा राहिला.